पाणी आमचे, नदी कोणाची?

गिरगावात पाणी नाही. पाण्याची नावे मात्र पुष्कळ आहेत. धोबी तलाव आहे, पण तेथे तलाव नाही. सी. पी. टँक आहे, पण तेथे टाके नाही. गवालिया टँकवर एके काळी गुरे पाणी पीत, तेथे आज मैदान आहे. फणसवाडी, केळेवाडी, खेतवाडी, मुगभाट ही नावे तर बागायतीची आणि शेतीची. आणि बागायत विहिरीवाचून होत नाही. या भूमीच्या पोटात गोडे पाणी होते, त्या पाण्यावर झाडे आणि माणसे जगत होती, एवढे सांगण्यापुरती ही नावे उरली आहेत. ज्याला आपण मारले त्याचे नाव रस्त्याला द्यावे, ही माणसाची जुनीच रीत आहे.

१९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईतल्या हिवतापाविषयी आपला अहवाल दिला. हिवताप पसरविणारा डास शहरातल्या विहिरींत वाढतो असे त्यांनी दाखवून दिले आणि त्यानंतर वाड्यावाड्यांतल्या विहिरी झाकल्या गेल्या, बुजवल्या गेल्या. माणसे तापाने मरत होती; त्या निर्णयाला आज नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु विहीर गेली तिच्याबरोबर पाण्याचा शेजारही गेला. विहिरीचे पाणी आटले की डोळ्यांना दिसे, गढूळले की जिभेला कळे. नळाचे पाणी कोठून येते, कोणाच्या दारावरून येते, येताना कोणाच्या तोंडचे काढून येते, हे ना डोळ्यांना दिसते ना जिभेला कळते. आपल्या ईस्ट इंडियन कुटुंबांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून 'उंबराचं पाणी' आणण्याची चाल आहे. विहीर नसेल तेथे आज ते पाणी नळाखालच्या बादलीतून घ्यावे लागते. मग आमचा प्रश्न असा की नवऱ्या मुलाच्या आणि नवरीच्या अंगावर ओतले जाणारे ते पाणी कोणत्या नदीचे? या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतील अशी किती घरे आपल्या धर्मग्रामात निघतील?

उत्तर कठीण नाही. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले. त्यासाठी मिठी नदी तिच्या उगमाजवळच अडवली गेली. १८७९ साली तुळशी झाला. एवढ्याने भागेना, म्हणून शहराचा हात ठाणे जिल्ह्यात गेला. १८९२ साली तानसा आणि १९५७ साली मोडक सागर झाला. नंतर ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि अगदी अलीकडे, २०१४ साली, मध्य वैतरणा. यांपैकी भातसा उल्हास नदीच्या खोऱ्यातली. तानसा, मोडक सागर, मध्य आणि ऊर्ध्व वैतरणा ही चारही धरणे एकट्या वैतरणेच्या खोऱ्यातली. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी इगतपुरी, मोखाडा, शहापूर, वाडा या तालुक्यांतून उतरत अर्नाळ्याच्या बाजूला समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी वसईची आपली धर्मग्रामे आहेत आणि तिच्या नळाशी आपले गिरगाव आहे. वसई-विरारलाही आता पाणी येते ते सूर्या नदीचे. आणि सूर्या ही वैतरणेचीच उपनदी. म्हणजे सेंट तेरेजाच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या कुंडापासून वसईतल्या स्वयंपाकघरांपर्यंत आपण सारे, कळत असो वा नसो, एकाच खोऱ्याचे आश्रित आहोत. आमचा या लेखातला सारा वाद एवढ्यावर उभा आहे: ज्या नदीचे आपण पाणी पितो, त्या नदीच्या जिवांचे आपण देणे लागतो, आणि ते देणे आज थकले आहे.

हे जीव कोण? पापलेटचा भाव आपल्या घरातल्या पोरालाही ठाऊक असतो; बोंबील, सुरमई, रावस यांच्या जाती-पोटजाती आपण ओळखतो. परंतु ज्या पाण्यावर आपला भात शिजतो त्या पाण्यातल्या माशांची चार नावेही आपल्याला येत नाहीत. मरळ, वाम, शिंगटी, मळ्या ही नावे वाडा-मोखाड्याच्या कातकऱ्याला येतात, कारण त्याची सायंकाळची भाजी तीच आहे. या सर्वांचा राजा म्हणजे महाशीर. त्याला वाहते, खळाळते, थंड पाणी लागते. तळाशी दगडगोटे लागतात. उन्हाळ्यात दडायला खोल डोह लागतो. आणि काठावर उंबरासारखी झाडे लागतात, कारण पाण्यात पडलेली फळेही त्याचे अन्न आहे. म्हणजे त्याला केवळ पाणी पुरत नाही. त्याला नदी लागते. धरणात पाणी असते, नदी नसते, हा फरक अभियंत्याच्या नकाशात दिसत नाही. माशाला तो पहिल्याच दिवशी कळतो.

गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी पाहा. तिचे आयुष्य नदीत जाते. पण अंडी घालायला ती खाडीच्या मचूळ पाण्यापर्यंत उतरते आणि तिची पिले पुन्हा नदी चढून वर येतात. मध्ये भिंत उभी राहिली की तो वंश तेथेच तुटतो. नदीतला शिंपला पाहा. त्याची पिले जन्मल्यावर काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात आणि मग तळाशी उतरतात. मासा गेला की शिंपला गेला. शिंपला पाणी गाळून स्वच्छ करीत असतो, म्हणून शिंपला गेला की पाण्याची शुद्धीही गेली. वसईतली जाणती माणसे वलगणीचे मासे विसरलेली नाहीत. दक्षिण कोकणात त्यांनाच चढणीचे मासे म्हणतात. मृगाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर पोटात अंडी घेतलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, ओढ्यांत, भातखाचरांत शिरतात आणि तेथे उथळ पाण्यात अंडी घालतात. तो पहिला लोंढा म्हणजे माशांना आलेले निमंत्रण. पण धरण रिकामे असते तेही नेमके जूनमध्ये. पहिला लोंढा ते सगळाच्या सगळा गिळते. खालच्या नदीला पाऊस पडल्याची वर्दी पोचते ती धरण भरून दरवाजे उघडल्यावर. तोपर्यंत माशांचा हंगाम टळून गेलेला असतो. निमंत्रण पोचत नाही. मग पाहुणे येत नाहीत म्हणून आश्चर्य कशाला?

ही काही आमची एकट्याची हळहळ नव्हे. २०११ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या सजीवांची पाहणी प्रसिद्ध केली. तपासलेल्या १,१४६ जातींपैकी सुमारे १६ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आढळल्या. माशांमध्ये तर हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. यांतल्या कित्येक जाती जगात पश्चिम घाटाबाहेर कोठेच नाहीत. येथून त्या गेल्या म्हणजे सृष्टीतूनच गेल्या.

आता प्रत्यक्ष वादाकडे वळू. वैतरणेची गारगाई नावाची एक उपनदी आहे. वाडा तालुक्यात ओगदे गावाजवळ, तानसा अभयारण्याच्या हद्दीत, तिच्यावर धरण बांधून मुंबईला दररोज ४४० दशलक्ष लिटर पाणी आणावयाचे, असा महापालिकेचा बेत आहे. बेत नवा नाही, डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने १९९४ साली मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ अशी तीन धरणे सुचविली होती. मध्यंतरी काही काळ गारगाई बाजूला ठेवली गेली. आता तिला पुन्हा पुढे आणण्यात आले आहे. या धरणापायी अभयारण्यातली लाखो झाडे आणि आदिवासींची गावे जाणार आहेत. धरणाच्या कामाला पाठिंबा देणारे म्हणतात, शहर वाढते आहे, पाणी कोठून आणणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही त्रैराशिकाने देतो.

मुंबईला दररोज सुमारे ४,००० दशलक्ष लिटर पाणी पुरविले जाते. त्यांतले चौथ्या हिश्श्याहून अधिक गळतीत आणि चोरीत जाते, हे पालिकेनेच वेळोवेळी मान्य केले आहे. चौथा हिस्सा म्हणजे १,००० दशलक्ष लिटर. गारगाई देणार ४४०. म्हणजे आज आपल्या जमिनीखाली, गंजक्या नळांच्या सांध्यांतून आणि चोरट्या जोडण्यांतून, दररोज दोन गारगाया वाहून जातात आणि वर काही उरते. घागरीला भोक असताना शहाणा माणूस आधी भोक बुजवितो. आपण मात्र घागर तशीच ठेवून दुसऱ्याच्या विहिरीवर जातो, आणि जाताना ती विहीरही उकरून टाकतो. शहाण्यासुरत्या शहराने हे करावे हे आम्हांला पटत नाही. गळती पूर्ण थांबणार नाही, हे आम्ही जाणतो. जगात कोठल्याही शहरात ती पूर्ण थांबलेली नाही. पण निम्मी थांबली तरी एक गारगाई वाचते. सांडपाण्याचीही तीच गोष्ट. २०२२ साली सात ठिकाणी मलजल प्रक्रिया केंद्रे बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यांची एकत्रित क्षमता दररोज २,४६४ दशलक्ष लिटर. ते शुद्ध केलेले पाणी बागांना, रस्ते धुण्याला, कारखान्यांना, संडासांना वापरावयाचे की पुन्हा समुद्रात सोडून द्यावयाचे, हे ठरण्यापूर्वी अभयारण्यावर कुऱ्हाड घालण्याची घाई कशासाठी?

'माणूस महत्त्वाचा की मासा?' असा प्रश्न आपल्याला हटकून विचारला जाईल. या प्रश्नातच लबाडी आहे. जणू एका पारड्यात तहानलेले लेकरू आहे आणि दुसऱ्यात मासा! वस्तुस्थिती तशी नाही. शहापूर तालुक्याला धरणांचा तालुका म्हणतात आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण तेथे रोजचा अनुभव झाली आहे. म्हणजे धरणाने मासाही गेला आणि तेथल्या माणसाची तहानही भागली नाही. वाड्यातल्या कातकऱ्याला आणि वारल्याला नदीतला मासा म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. त्याच्या ताटातला तो एकमेव सामिष घास असतो. मासा वाचला तर माणूस वाचतो, असा तेथला हिशेब आहे. तेव्हा प्रश्न माणूस की मासा असा नसून, नळावरच्या माणसाची उधळपट्टी की नदीवरच्या माणसाची भाकरी, असा आहे. तो तसा सरळ विचारण्याचे धैर्य हवे.

झाडांच्या बाबतीत दक्षिण मुंबईला हे धैर्य नाही असे कोण म्हणेल? आपल्या घरांना ज्या टाकीतून पाणी मिळते ती मलबार हिलची टाकी पाडून नव्याने बांधण्याचे २०२३ साली घाटत होते. त्यात ३८९ झाडांवर गदा येणार होती. नागरिक उठले, तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी असा आग्रह त्यांनी धरला आणि मूळ बेत मागे पडला. पवईच्या तलावात भराव घालून सायकलींचा रस्ता होत होता. २०२२ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदेशीर ठरविला. त्या तलावातल्या मगरींना वकील मिळाला, हे फार चांगले झाले. पण ३८९ झाडांसाठी ज्या शहराचे काळीज तुटते, त्याच शहरासाठी लाखो झाडे तुटणार असतील तेव्हा ते काळीज कोठे असते? झाड खिडकीतून दिसले पाहिजे, तरच ते झाड. तलावाकाठी फिरायला जाता आले पाहिजे, तरच तो तलाव. हा निसर्गप्रेमाचा निकष आम्हांला मान्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक गोड बोलतो. तो म्हणतो, मासे कमी झाले तर बीज सोडू, तलाव तेथे मत्स्यशेती करू, चिंता कशाची? येथे देशी आणि परका हा भेद समजून घेतला पाहिजे. १९०८ च्या सुमारास गप्पी मासा डासांचा फडशा पाडण्यासाठी या देशात आला. १९२८ साली गॅम्बुशिया आला. १९५२ साली आफ्रिकेतला तिलापिया आला. हेतू वाईट नव्हता. पण गॅम्बुशिया आणि तिलापिया हे दोघेही आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर घुसखोर जीवांच्या यादीत आहेत. हे मासे घाणीतही वाढतात, देशी माशांची अंडी आणि पिले खातात आणि थोड्याच वर्षांत तलावात त्यांचेच राज्य होते. आफ्रिकन मागूर तर इतका खादाड की २००० साली केंद्र सरकारला त्याच्या पैदाशीवर बंदी घालावी लागली. तरी तो चोरून वाढवला जातोच. एखाद्या धर्मग्रामातली सारी कुटुंबे हाकलून द्यावीत, त्यांच्या घरांत वाटेल ते लोक बसवावेत, आणि मग 'लोकसंख्या तेवढीच आहे' असे बिशपांना कळवावे, तसा हा प्रकार आहे.

डासांचे काय, असे कोणी विचारील. आपल्याच ओढ्याविहिरींत बोटाएवढा, अंगावर पट्टे आणि डोक्यावर चमकता ठिपका असलेला एक देशी मासा आहे. शास्त्रज्ञ त्याला ॲप्लोकायलस म्हणतात. डासांच्या अळ्या हे त्याचे आवडते खाणे. तो पाण्याच्या पृष्ठभागालगतच हिंडतो, म्हणून काठावरून पाहणाऱ्याला त्याचा ठिपका सहज दिसतो. तो येथला आहे, येथल्या इतर जिवांबरोबर शेकडो पिढ्या नांदलेला आहे. त्याला डावलून परदेशी मासा आणण्याची गरज नव्हती आणि आज तर मुळीच नाही. जाता जाता एक घरगुती गोष्ट. मुलांनी हौसेने आणलेले शोभेचे मासे काचेच्या पेटीत मोठे झाले की काही आईबाप ते बाणगंगेत, पवईत किंवा सहलीला गेल्यावर एखाद्या नदीत सोडतात आणि जीव वाचवल्याचे पुण्य मानतात. ते पुण्य नव्हे. एका जिवावर दया करताना शेकडो जिवांच्या घरात शत्रू सोडला जातो. मुलांना हे समजावून सांगणे कठीण नाही.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे, म्हणून त्याला उत्तर देणे सर्वांत अगत्याचे. 'हे चर्चचे काम आहे काय? आत्म्याच्या तारणाचे बोला. मासे आणि धरणे सरकारकडे सोपवा.' असे म्हणणारे श्रद्धावान आहेत, म्हणून आम्ही त्यांना पवित्र शास्त्राकडेच नेतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात परमेश्वराचा पहिला आशीर्वाद कोणाला आहे? माणसाला नव्हे. पाचव्या दिवशी पाण्यातले जीव आणि आकाशातली पाखरे निर्माण झाली आणि फलद्रूप होण्याचा आशीर्वाद प्रथम त्यांना मिळाला. माणूस सहाव्या दिवशी आला आणि त्याचा आशीर्वाद त्यानंतरचा. माणसाला सत्ता दिली हे खरे. पण पुढच्याच अध्यायात त्या सत्तेचा अर्थ सांगितला आहे: बागेची मशागत करणे आणि तिची राखण करणे. राखणदाराने बागच विकून खाल्ली तर धनी त्याला काय म्हणेल, हे द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून आपल्याला ठाऊक आहे. यहेज्केल संदेष्ट्याला दर्शन झाले ते मंदिराच्या उंबरठ्याखालून निघणाऱ्या नदीचे. ती जेथे जेथे जाते तेथे तेथे मासे विपुल होतात आणि काठी फळझाडे उभी राहतात. मंदिरातून निघालेल्या पाण्याची खूण संदेष्ट्याने सांगितली ती हीच: त्यात मासे जगतात. माहीमला नोव्हेनाला जाणाऱ्या भाविकांनी मिठीच्या मुखाशी क्षणभर थांबून ही खूण पडताळून पाहावी.

अॅसिसीचे संत फ्रान्सिस पाण्याला बहीण मानीत. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणाच्या उपासकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढले; त्यात नामशेष होणाऱ्या जातींविषयी त्यांची भूमिका निःसंदिग्ध आहे. प्रत्येक जीव आपल्या अस्तित्वाने देवाचा गौरव करतो, आणि तो गौरव कायमचा बंद पाडण्याचा अधिकार माणसाला नाही. ही शिकवण ऐच्छिक नव्हे. आणि आपल्याला दूर जावयाचे कारण तरी काय? १९८९ नंतरच्या काळात वसईत विहिरी उपसून टँकर भरणाऱ्यांविरुद्ध आणि हिरवळ गिळणाऱ्या बांधकामांविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिच्या अग्रभागी एक धर्मगुरू होते, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांनाही तेव्हा हाच प्रश्न विचारला गेला होता. २०२४ साली ते गेले; पण त्या लढ्याला आज कोणी धर्मबाह्य म्हणत नाही. मेलेल्या संदेष्ट्यांची थडगी बांधणे सोपे असते. त्यांचे काम पुढे नेणे अवघड.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्यापैकी काहींना रुचणार नाही. मोडक सागराच्या खाली, वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसे नावाचे गाव आहे. तेथे शंकराचे देऊळ आहे आणि देवळाजवळच्या डोहात महाशीर राखलेला आहे. देवाचा मासा म्हणून त्याला कोणी जाळे लावीत नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीचा डोह आहे. तेथेही देवीच्या नावाने हाच मासा वाचला आहे. शास्त्रज्ञ आज अशा डोहांना गोड्या पाण्याची अभयारण्ये म्हणतात. ज्या नदीचे पाणी आपण बाप्तिस्म्याला वापरतो, त्या नदीचा सर्वांत उमदा जीव आमच्या शेजाऱ्याच्या भक्तीने जगला आहे. चांगला शोमरोनी कोण, हे प्रभू येशूने सांगून ठेवले आहे. तो आपल्या पंथाचा नव्हता, हाच त्या दाखल्याचा गाभा. तिळशाच्या डोहाचे रक्षण करण्यासाठी तेथल्या गावकऱ्यांच्या शेजारी आपण उभे राहिलो, तर आपल्या श्रद्धेला काही उणेपणा येणार नाही. उलट तिची ओळख पटेल. देवळाने डोह राखला. पण डोहात पाणी यावयाचे ते वरून. वर एकामागून एक भिंती उभ्या राहिल्या आणि खाली रेतीच्या लोभाने नदीचा तळ उपसला गेला, तर एकट्या देवळाची पुण्याई किती पुरणार?

तेव्हा मागणी काय? ती आम्ही गुळमुळीत ठेवणार नाही. पहिली: मुंबईची गळती निम्म्यावर आल्याचे आणि शुद्ध केलेले सांडपाणी वापरात आल्याचे, विभागवार आकड्यांनिशी, जाहीर होईपर्यंत गारगाईच्या धरणाची वीट रचली जाऊ नये. दुसरी: आज उभ्या असलेल्या धरणांखाली नदी बारमाही जिवंत राहील एवढे पाणी सोडले जावे आणि जूनचा पहिला लोंढा काही अंशी तरी खाली जाऊ द्यावा. कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी नद्यांत राहिलेच पाहिजे, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ सालीच सांगितले आहे. ते कागदावरून नदीत उतरावे. तिसरी: तिळशासारख्या डोहांना २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली वारसा स्थळाचा दर्जा मिळावा. तो देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. इच्छा मात्र लोकांनी निर्माण करावी लागते. चौथी: खोऱ्यातल्या कोणत्याही तलावात, ओढ्यात वा उघड्या विहिरीत परक्या जातीचे मासे सोडणे थांबावे.

सरकारकडे मागताना आपल्या घरचेही पाहावे. धर्मग्रामाच्या आवारात, दफनभूमीत, शाळेत, जुन्या वाड्यांत जेथे विहीर शिल्लक असेल तेथे ती साफ करून, वर बारीक जाळी बसवून, बागेसाठी आणि धुण्यासाठी वापरात आणावी. डासांसाठी त्यात काही सोडावयाचे असेल तर देशी मासा सोडावा. चर्चच्या, शाळेच्या आणि सोसायटीच्या टाक्यांची गळती वर्षातून एकदा तपासली जावी. सप्टेंबरच्या पहिल्या दिवसापासून संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंत चर्च सृष्टीचा काळ पाळते, त्याहून योग्य मुहूर्त कोणता? त्या काळात एक रोप लावून छायाचित्र काढण्यापेक्षा, तरुणांना वैतरणेच्या काठी न्यावे, कातकऱ्याकडून माशांची नावे शिकावीत आणि ती वहीत उतरवून आणावीत. वसईच्या बांधवांना आमची विनंती वेगळी आहे. वलगणीचा आनंद आम्हीही जाणतो. पण पोटात अंडी घेऊन चढणारा मासा पहिल्या दिवसांत जाऊ द्यावा आणि उतरतीला धरावा, एवढा संयम गावकीने ठरवून पाळता येईल. उपवासकाळात चाळीस दिवस मांस वर्ज्य करणाऱ्या समाजाला पावसाचे चार दिवस जड नाहीत.

पालिकेच्या सभागृहात, मंत्रालयात आणि जनसुनावणीत नदीचा पक्ष मांडणारे आदिवासी आजवर एकटे पडत आले आहेत. त्यांना उत्तर दिले जाते ते आपल्या नावाने: 'मुंबईकरांना पाणी हवे.' मुंबईकर म्हणजे आपणच. तेव्हा आपल्या नावाने काय मागितले जावे हे ठरविण्याचा अधिकारही आपला आहे. गिरगावच्या धर्मग्रामांनी सह्यांनिशी लिहून द्यावे की आम्हांला पाणी हवे आहे, पण वैतरणेच्या प्रेतातून काढलेले नको. आधी आमचे नळ दुरुस्त करा. या एका वाक्याला जे वजन असेल ते शंभर परिसंवादांना नसेल, कारण ते पाणी पिणाऱ्याने लिहिलेले असेल. धोबी तलाव आणि गवालिया टँक यांच्यासाठी असे लिहून द्यायला कोणी उरले नव्हते. वैतरणेसाठी आपण आहोत. मग मुंबईच्या नकाशात फक्त नावाने उरलेल्या पाण्यांची यादी आणखी एका नावाने वाढू द्यावयाची काय?